ना बैलाचे कष्ट, ना गाईचे दूध

गणपतीच्या दिवसांत दादरच्या भाजीबाजारातून चालणे ही एक परीक्षाच असते. पण त्या रेटारेटीतही काही भाजीवाल्या मला दरवर्षी थांबवतात. त्यांच्यापुढे वेगवेगळ्या भाज्यांचे ढीग नसतात. असतात ते वाटे. प्रत्येक वाट्यात सुरणाची एक फोड, भोपळ्याची एक, अळूची चार पाने, अर्धे पडवळ, एखादे शिराळे, मक्याचे कणीस, लाल माठाची जाड देठी आणि वर ठेवलेले तीन-चार हिरवे आंबाडे. "ऋषीची भाजी घ्या ताई," एवढेच त्या म्हणतात. ज्याला कळायचे त्याला कळते.

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपद शुद्ध पंचमी म्हणजे ऋषिपंचमी, गणपती बसतात त्याच्या दुसऱ्या दिवशी. कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी आणि वसिष्ठ हे सात ऋषी आणि त्यांच्यासोबत अरुंधती यांची पूजा करायची, आघाड्याच्या काडीने दात घासायचे आणि त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. नांगरलेल्या शेतातला गहू, ज्वारी, डाळ सगळे बंद. परसात, कुंपणावर, हाताने खणलेल्या वाफ्यात जे येते तेवढेच पानात. आमच्याकडे तेलही नसते. सासूबाई त्याचे कारण सांगतात ते असे, की तेल घाण्यावर निघायचे आणि घाणा बैल फिरवायचा.

या भाजीविषयी रविवारच्या सकाळी एवढे लिहिण्याचे कारण आमची पुतणी. वय चोवीस, नोकरी बंगळूरला, आणि तीन वर्षांपूर्वी ती व्हीगन झाली. हा शब्द आता बहुतेक घरांत कुणी ना कुणी आणलेला आहे. इंग्लंडमध्ये 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी व्हेजिटेरियन या शब्दाची सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून तो बनवला. मांस-मासे नाहीतच, पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधही नाही. आपल्या पंचामृतातल्या पाच जिनसांपैकी साखर तेवढी उरते!

आता गणपतीच्या घरात ही मुलगी जेवणार काय? वरणभातावर तूप, मोदकावर तूप, मठ्ठा, कोशिंबिरीला दही, भाजीला तुपाची फोडणी. गेल्या वर्षी तिने कुणाला त्रास नको म्हणून स्वतःचा डबा आणला. त्यात सोयाबीनचे पनीर होते. पंगतीत सगळ्यांच्या पानात एक आणि तिच्या पानात दुसरेच. कुणी काही बोलले नाही, पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाईंचा चेहरा मला दिसत होता. त्यांच्या पिढीने माया चमच्याने मोजली आहे, तुपाच्या चमच्याने. रात्री त्या मला म्हणाल्या, "घरच्या पोरीनं घरच्या गणपतीला डबा आणावा, असं काय केलं गं आपण?"

मला विचाराल तर डबा हा उपाय नव्हेच. आणि "तिच्यासाठी वेगळे काहीतरी" हाही नव्हे. वेगळे पान कितीही प्रेमाने वाढा, पाहुणा पंगतीबाहेरच राहतो. हल्ली नकली पनीर, नकली चीज असे पुष्कळ मिळते. ज्यांना आवडते त्यांनी जरूर खावे. पण सणाच्या पानात मुख्य पदार्थ असा हवा की तो सगळ्यांनी खाल्ला पाहिजे आणि दुसऱ्यांदा मागितला पाहिजे. तो आपल्याच पंचांगात लिहिलेला होता. मी पुतणीला फोन केला आणि म्हटले, यंदा चतुर्थीच्या रात्री परत जाऊ नकोस, पंचमीला थांब.

ती थांबली. सकाळी भाजी निवडायला आम्ही तिघी बसलो. निवडता निवडता सासूबाईंनी तिला ऋषिपंचमीची कहाणी सांगितली. ही कहाणी मला कधीच सरळ गिळता आलेली नाही. बाईने विटाळ पाळला नाही म्हणून ती पुढच्या जन्मी कुत्री झाली आणि तिच्या संसर्गाने नवरा बैल झाला, अशी ती सुरू होते. मासिक पाळीला पाप ठरवणारे हे व्रत मी करत नाही, आणि सासूबाईंनीही कधी आग्रह धरला नाही. पण कहाणीचा पुढचा भाग मात्र मनातून जात नाही. हे दोघे आपल्याच मुलाच्या घरी जनावरे होऊन राहतात. आईवडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी सर्पाचे गरळ खिरीत पडते. ब्राह्मण मरू नयेत म्हणून कुत्री खिरीला तोंड लावते आणि सुनेचा मार खाते. रात्री ती बैलाजवळ येऊन रडते. बैल म्हणतो, मलाही आज दिवसभर राबवले आणि उपाशी ठेवले. मुलगा ते ऐकतो आणि त्याला कळते की गोठ्यातला बैल आपला बाप आहे.

पुतणी अळूचे देठ सोलायची थांबली होती. "म्हणजे आजी, म्हणून बैलाच्या कष्टाचं खायचं नाही?"

"असं कुणी लिहिलेलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण मला लहानपणापासून तसंच वाटतं. अमावास्येला पोळा, बैलाला पुरणपोळी. आणि पाचव्या दिवशी त्याच्या मेहनतीचं सोडायचं."

मग नातवंडांचा नेहमीचा प्रश्न आला, की हल्ली शेत ट्रॅक्टर नांगरतो, तर गहू चालायला काय हरकत आहे? सासूबाई हसल्या. "ट्रॅक्टरला पोळ्याला पुरणपोळी घालता का? मग त्याचं सोडायचं तरी कशाला!" त्यात होकार होता की नकार, मला अजून समजलेले नाही.

खरा पेच पुढे होता. आमच्या घरी भाजी शिजली की वर घरच्या लोण्याचा गोळा पडतो. पुष्कळ घरांत ही रीत आहे. सासूबाईंनी लोण्याची वाटी काढली, तेव्हा पुतणी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, बैलाचे कष्ट नको म्हणतेस. पण बैल म्हणजे गाईचाच खोंड ना? त्याच्या वाट्याचं दूध काढून केलेलं हे लोणी, ते कसं चालतं?"

स्वयंपाकघर शांत झाले. मला वाटले, आता काहीतरी बिनसणार. देवाच्या नैवेद्यावरून घरे दुभंगलेली मी पाहिली आहेत. सासूबाई वाटी हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या माहेरी लोणी नव्हतंच घालत. आमच्याकडे दुभतंच नव्हतं. लग्न होऊन इथं आले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं." वाटी त्यांनी पातेल्यापाशी नेली नाही, पानांजवळ ठेवली. ज्याला हवे त्याने घ्यावे. सणाच्या पदार्थाला किती माहेरे आणि किती सासरे असतात, हे आपण विसरतोच.

आता भाजी. दहा माणसांसाठी अळूची आठ-दहा पाने देठांसकट, पाव किलो सुरण, पाव किलो लाल भोपळा, दोन कणसे, दोन शिराळी, एक पडवळ, दोन कच्ची केळी, माठाची एक जुडी, आठ-दहा भेंडी, वाटीभर ओले शेंगदाणे, पाच-सहा आंबाडे, तितक्याच हिरव्या मिरच्या आणि एक नारळ. मसाला नाही, फोडणी नाही, हळदही नाही.

अळू आणि सुरण खाजतात, कारण त्यांत ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चिरताना हाताला तेल लावायची सोय आज नाही, तेव्हा चिंचेचे किंवा कोकमाचे पाणी चोळावे. आंबाडे घालायचे ते नुसते चवीसाठी नव्हेत. आंबट घालून नीट, अगदी गळेपर्यंत शिजवले की अळूची खाज मोडते. अर्धवट शिजलेल्या अळूने पंगतीचे घसे धरले तर सात ऋषीही वाचवायला येत नाहीत.

जाड बुडाच्या पातेल्यात आधी सुरण, कणसाचे दोन-दोन बोटांचे तुकडे, शेंगदाणे, दोन्ही देठी, चिरलेले अळू, मिरच्या आणि ठेचलेले आंबाडे घालावेत. वाटीभर पाणी पुरते. झाकणावरही पाणी ठेवावे आणि मंद आचेवर सुरण बोटाने दबेल इतके शिजू द्यावे. मग केळी, पडवळ, भेंडी, माठाची पाने, आणि अगदी शेवटी भोपळा आणि शिराळे, कारण ती दोन्ही लगेच विरघळतात. मीठ भाज्या आळल्यावर, नाहीतर हात जड पडतो. प्रेशर कुकरचा मोह टाळावा, त्यात सगळ्याचा एकच लगदा होतो. इथे सुरणाने सुरण राहायचे असते आणि अळूने मात्र सगळ्यांना सांभाळून घ्यायचे असते. उतरवताना अख्ख्या नारळाचा चव घालायचा आणि एक वाफ आणायची. तेलाची उणीव हे खोबरे आणि ते शेंगदाणे भरून काढतात.

सोबत वरीचा भात. गोव्याकडे गणेशचतुर्थीला खतखते करतात, तेही याच गोत्रातले. त्यात तूरडाळ आणि तिरफळे असतात, म्हणून ते ऋषींना चालणार नाही, पण व्हीगन पाहुण्याला चालेल. मोदकांचे तर काहीच अडत नाही. सारण गूळ-खोबऱ्याचे, पारी तांदळाची. उकडीत तुपाऐवजी चमचाभर खोबरेल आणि वरून नारळाचे घट्ट दूध. एक गोष्ट मात्र सासूबाईंच्या बाजूने सांगायला हवी. दूधदुभते सोडणाऱ्यांना बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाचे मिळत नाही, ते वेगळे घ्यावे लागते. "अंगात ताकद कुठून येणार" ही आजीची काळजी अगदीच वेडी नाही. पुतणी गोळी घेते, हे कळल्यावर त्यांनी तो विषय सोडला.

पंगतीत कणसाचे तुकडे चोखत मुले बसली होती. सासूबाईंनी लोणी घेतले, माझ्या नवऱ्याने घेतले, मी घेतले नाही, आणि भाजी पातेल्याच्या तळाला लागेपर्यंत संपली. दोघींचा वाद मिटलेला नाही. फोनवर तो चालू असतो आणि सासूबाई हल्ली त्याची वाट पाहतात.

गेल्या महिन्यात पुतणीने विचारले की ही भाजी तिथे मैत्रिणींसाठी करायची आहे, पण आंबाडे कुठे मिळणार? मी चिंच सुचवणार होते. तेवढ्यात शेजारून सासूबाईंनी फोन ओढून घेतला. त्यांचे बालपण धारवाडला गेलेले. "अमटेकाई म्हणून माग," त्या म्हणाल्या, "आणि ठेचून घाल, चिरून नको."