उघड्यावरचे जॅझ

जॅझ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठ्या हॉटेलातील नाचघर, सुटाबुटातील मंडळी आणि दाराशी उभा पहारेकरी येतो. ही समजूत खोटी नाही. पण ती मुंबईपुरती खरी आहे. अमेरिकेतील ज्या न्यू ऑर्लिन्स शहरी हे संगीत जन्मले, तेथे ते नाचघरांइतकेच रस्त्यावर आणि बागांतून वाजत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील काँगो चौकात आफ्रिकी वंशाचे गुलाम रविवारी जमून ढोल वाजवीत व नाचत. पुढे लष्करी बँडची पितळी वाद्ये त्यांच्या वंशजांच्या हाती आली आणि मिरवणुकांत व अंत्ययात्रांत घुमू लागली. १९०० च्या सुमारास बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवादक तेथील बागांतून वाजवीत असे. उघड्यावर वाजवावयाचे तर आवाज लांब गेला पाहिजे. जॅझमध्ये ट्रंपेट-ट्रॉम्बोनला जो मान आहे, त्याचे एक कारण हेच. आपल्या नगारखान्यात सनई बसली, सतार बसली नाही, तीही याच हिशेबाने.

मुंबईत मात्र हे संगीत बोटीने आले आणि ताजमहाल हॉटेलात उतरले. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा वाद्यवृंद तेथे वाजू लागला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले. त्यांची विद्या उचलली ती गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलेखन ते लहानपणीच शिकलेले असत. हळदोण्याचे आंतोनियो शाविएर वाझ हे त्यांपैकीच एक. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते ट्रंपेटसाठी गाजले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने नाचघरांची रया जाऊ लागली, आणि पुष्कळ वादकांना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाचा आधार झाला.

येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १९१८ सालचा, पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे रागदारी शिकलेल्या या माणसाने चिक चॉकलेटसारख्या वादकांना जवळ केले आणि ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतून पाश्चात्य नाचाची लय घरोघर पोहोचवली. ताजची पायरी ज्यांनी कधी पाहिली नाही, त्यांनी ते वळण तंबूतील सिनेमात ऐकले व गुणगुणले. आपण जॅझशी नाते असलेले काही गात आहोत, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही.

१९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक तेव्हा ऐकावयास मिळाला. छप्पर गेले, तरी तिकीट राहिले. अमेरिकेत शिकागो शहराने १९७९ पासून आपला जॅझ महोत्सव बागेत आणि विनामूल्य भरविला. आपल्याकडे ती सोय १९९९ साली सुरू झालेल्या काळा घोडा कला महोत्सवाने केली. फेब्रुवारीतील नऊ दिवसांच्या या उत्सवात एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आणि क्रॉस मैदानात गाणी-बजावणी झाली. शास्त्रीय, सुफी, लोकसंगीत यांच्या जोडीला जॅझही आले. कचेरी सुटून चर्चगेटकडे निघालेला कारकून वाटेत उभा राहून ऐकू शकतो, आणि आवडले नाही तर निघून जातो. जॅझला असा परीक्षक चांगला असतो, असे माझे मत आहे. तिकीट काढलेला मनुष्य पैशासाठी बसून राहतो.

नवख्या श्रोत्याने एवढे ध्यानात ठेवावे. प्रथम सर्व वादक मिळून एक धून वाजवतात. तिचे बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचे चक्र असते. आपण त्यास आवर्तन म्हणू. मग तीच स्वरसंगतींची साखळी मागे फिरत राहते आणि एकेक वादक तिच्यावर आपली बढत करतो. ही बढत बहुतांशी जागच्या जागी सुचलेली असते. ख्यालिया एका षड्जाला धरून चालतो. जॅझच्या वादकाला पायाखालची फळी दर दोन-चार मात्रांनी बदलत असताना तोल सांभाळावा लागतो. एकाची बढत संपली की मध्येच टाळ्या पडतात. त्यात असभ्यपणा नाही, ती रीतच आहे. ठेका धरावयाचा तर चारांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर धरावा. पहिलीवर टाळी देण्याची आपली सवय येथे आड येते.

उघड्यावर काही हरवतेही. ड्रमवर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशाची सळसळ आणि उभ्या बासचा खालचा स्वर वारा व वाहने खाऊन टाकतात. मग वादक संथ चीजा टाळून चढ्या लयीकडे वळतात. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करण्याचा नियम असतो. रुग्णालयांच्या शांतता क्षेत्रात सापडल्यामुळे रंगभवनातील जलसे तर थांबलेच. झोपलेल्या रोग्याचा हक्क मोठा आहे. पण शहरात वाजवावयास जागा राखून ठेवणे हेही नगरपालिकेचेच काम नव्हे काय? फुकट हा शब्दही जपून वापरावा. श्रोत्याला जे फुकट, त्याचे मोल पुरस्कर्त्याने किंवा शहराने भरावयाचे असते. ते वादकाच्या बिदागीतून कापले जाऊ नये.

मैफल संपताना म्होरक्या प्रत्येक वादकाचे नाव व वाद्य मोठ्याने पुकारतो, आणि तो वादक दोन-चार स्वर वाजवून मान लववतो. चित्रपटांच्या नामावळीत संगीतकाराचे नाव येई. वाद्यवृंदातील बहुतेक गोवेकरांची नावे तेथे कधी आली नाहीत. मैदानात उभ्या असलेल्या माणसाला बासवाल्याचेही नाव कळते.