झाशी संस्थान: तटाच्या आतले लोक

मराठी वाचकाच्या मनात झाशी म्हणजे १८५७-५८ मधील काही महिन्यांचा रणसंग्राम; त्या संग्रामाचे तेज इतके आहे की त्यामागे शतकभर नांदलेले, आकाराने लहान पण गजबजलेले एक संस्थान त्यात झाकून गेले. राणी लक्ष्मीबाईंसाठी शहर का लढले, हे समजण्यासाठी आधी ते शहर कोणाचे होते, हे पाहिले पाहिजे.

बंगिरा नावाच्या टेकडीवरचा किल्ला ओरछाचे राजे वीरसिंह देव यांनी १६१३ मध्ये बांधला. पुढे बुंदेला राजा छत्रसालाने मोगल सरदार मुहम्मद खान बंगशाविरुद्ध बाजीराव पेशव्याची मदत घेतली आणि आपल्या राज्याचा सुमारे तिसरा हिस्सा त्याला दिला. त्यातून बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. तथापि किल्ल्याखालच्या वस्तीचे शहर केले ते १७४२ मध्ये आलेले सुभेदार, म्हणजे पेशव्यांचे प्रांताधिकारी, नारो शंकर यांनी. नाशिकच्या पंचवटीतील ज्यांच्या देवळाची घंटा प्रसिद्ध आहे, तेच हे नारो शंकर. त्यांनी किल्ला वाढवला (त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात) आणि ओरछा व आसपासच्या गावांतून माणसे आणून येथे वसवली. झाशी ही अशी आरंभापासूनच बाहेरून आलेल्यांची नगरी होती.

नारो शंकरांनंतर काही वर्षांनी सुभेदारी रत्नागिरीकडच्या कऱ्हाडे ब्राह्मण नेवाळकर घराण्याकडे आली आणि १८१७ च्या तहाने कंपनी सरकारने ती वंशपरंपरागत मान्य केली. मराठी मंडळींचा राज्यकर्ता थर मात्र पातळच राहिला. त्याच्या भोवती जमीनधारक बुंदेले ठाकूर होते, शस्त्र बाळगणारे आणि सावकारीही करणारे गोसावी होते, तोफखान्यात व घोडदळात पठाण होते आणि मागावर बसणारे कोरी होते. राणीच्या स्त्री-सैन्यातील झलकारीबाई याच कोरी समाजातील. संस्थानातील मऊरानीपूरचे खारुआ नावाचे लाल जाडे कापड दूरवर विकले जाई. त्याचा रंग आल या झुडपाच्या मुळांतून निघे आणि ती मुळे रंगास येण्यासाठी पीक काळ्या जमिनीत तीनेक वर्षे उभे ठेवावे लागे. एवढा काळ पीक राखायचे, तर शेतकरी, सावकार, रंगारी आणि विणकर यांना एकमेकांवर विसंबल्यावाचून गत्यंतर नव्हते. संस्थानातील सलोख्याचे मूळ दरबारापेक्षा अशा व्यवहारांत शोधणे अधिक योग्य.

सार्वजनिक जीवनाचे एक केंद्र लक्ष्मी तलाव हे होते. त्याच्या परिसरात नेवाळकरांचे कुलदैवत महालक्ष्मी आहे आणि जवळच राणी लक्ष्मीबाईंचे पती राजे गंगाधरराव यांची छत्री, म्हणजे समाधीवरील मंडप, आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला शहरातील स्त्रिया किल्ल्यावर जमत. गंगाधररावांनी नाट्यशाळा उभारली होती आणि ते स्वतः रंगमंचावर उतरत. मराठी रंगभूमीचा आरंभ मानले जाणारे ‘सीतास्वयंवर’ विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ मध्ये सादर केले, तो साधारण हाच काळ. मराठी रंगभूमीच्या इतिहासात झाशीच्या या आश्रयाला आहे त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

संस्थानाचे सर्वांत मोलाचे धन म्हणजे हस्तलिखितांचा ग्रंथसंग्रह. पेणजवळच्या वरसईहून आलेले भिक्षुक विष्णुभट गोडसे इंग्रजांच्या वेढ्याच्या वेळी शहरातच होते. १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये या संग्रहाचे वर्णन येते आणि त्याच्या विध्वंसाचेही. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजचे सैन्य तटात शिरले, तेव्हा कत्तल आणि लूट यांबरोबर ही पुस्तकेही नष्ट झाली. माणसांच्या हानीपुढे पुस्तकांची हानी सांगणे कोणाला गौण वाटेल, परंतु पिढ्यांनी नकलून जमवलेला तो संग्रह पुन्हा उभा राहणे अशक्य होते. किल्ल्यात राणीच्या बाजूने लढलेल्या गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी आहेत. यांपैकी मोतीबाई नाट्यशाळेतील कलावंत होती, असे परंपरा सांगते.

पुढे शहर शिंद्यांकडे गेले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांनी ते परत घेतले. संस्थान उरले नाही, परंतु मराठी घराणी तेथेच राहिली आणि त्यांचे सार्वजनिक कार्य हिंदीतून होऊ लागले. रघुनाथ विनायक धुळेकर संविधान सभेचे सदस्य झाले आणि तेथे त्यांनी डिसेंबर १९४६ पासूनच राष्ट्रभाषेचा आग्रह धरला. आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. क्रांतिकारक चंद्रशेखर आझादांचे झाशीतील सहकारी सदाशिवराव मलकापूरकर यांनी आझादांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वृद्ध आईचा सांभाळ केला आणि त्या मातेची समाधीही याच शहरात आहे.