सोनं, लाख आणि दोरा

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला सांगतात, सोन्याचा एक गोळा कळला की सोन्याचं सगळं कळलं. बाकीचे विकार म्हणजे नुसती नावं. हा दृष्टांत मी तीसेक वर्षं वर्गात शिकवला. आईच्या माघारी तिचा कोल्हापुरी साज वाटायची वेळ आली तेव्हा तोच माझ्या अंगावर आला. सराफ म्हणाले, "सर, आटवू या. निम्मं निम्मं सोनं दोघा भावंडांना." म्हणजे सराफ पक्के वेदान्तीच निघाले! पण लगेच पुढे म्हणाले, "लाखेचं वजन मात्र वजा होईल हं."

तिथं मी अडलो. कारण साज म्हणजे नुसतं सोनं नव्हेच. आता बघा, साजाची मूळ पानं 21. दहा अवतारांची 10, अष्टमंगलाची 8, माणिक-पाचूची 2 आणि एक ताईत. (हल्ली दहा-बारा पानांचेही साज करतात.) मधले जवमणी पोकळ असतात. सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. ही लाख काही फसवणुकीसाठी भरत नाहीत, मंडळी. नुसता पत्रा बोटाच्या दाबानंही चेपेल. त्याला आतून आधार असतो तो लाखेचा. एका किड्यानं झाडाच्या फांदीवर तयार केलेला हा राळेसारखा पदार्थ आईच्या गळ्यात सोन्याचा आकार धरून होता. आटवला की सोनं शिल्लक राहतं, पण कारागिरानं जे केलं ते राहत नाही.

साज सांभाळायचा कसा, तेही यातूनच कळतं. लाख 75-80 अंशांना वितळते, नरम त्याच्या आधीच पडते. म्हणून असा दागिना उकळत्या पाण्यात घालू नका, अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर नकोच. भिजवतही ठेवू नका. छिद्रांतून पाणी आत जातं आणि दोरा कुजतो. मऊ, किंचित ओलसर फडक्यानं पुसायचं, वाऱ्यावर सुकवायचं, बस्स. चांदीला रिठ्याचं पाणी चालतं. टूथपेस्टनं घासू नका, चरे पडतात. आमच्या घरी हा पराक्रम झालेला आहे.

नथीतल्या मोत्याची गोष्ट वेगळी. मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच भाऊबंद. घाम, अत्तर, लिंबू, व्हिनेगर, सगळ्यानं त्याचं तेज जातं. अत्तर आधी लावा, नथ शेवटी घाला आणि सगळ्यात आधी काढा. शिवाय लॉकरमध्ये वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेला मोती कोरडा पडून तडकू शकतो. त्याला अधूनमधून बाहेर काढावं, घालावं. सोन्याला असलं काही लागत नाही, म्हणून तर उपनिषदानं दृष्टांताला सोनं घेतलं असावं, असं मला आपलं वाटतं.

आम्ही साज आटवला नाही. ताई म्हणाली, आधी गाठवून तरी घेऊ. पटवेकऱ्यानं दोरा कापला, पानं आणि मणी ताटलीत ओतले, एकेक पुसून त्याच क्रमानं नव्या रेशमात ओवले. दोन जवमणी चेपलेले निघाले, ते तसेच ठेवले. जुना दोरा आतल्या बाजूनं काळा पडला होता. पटवेकऱ्यानं विचारलं, "हा टाकू?" ताईनं तो रुमालात बांधून घेतला. साज आता एक वर्ष तिच्याकडे असतो, एक वर्ष आमच्याकडे. यंदा तिचं वर्ष आहे.