अणू कोणता, क्षार कोणता?

चाकणजवळच्या महाळुंगे येथे सुट्या भागांच्या कारखान्यांत मराठी कामगारांच्या बरोबरीने उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार काम करतात. रोजच्या बोलण्यात कोणाचे अडत नाही. मात्र दोघांनी शाळेत शिकलेले रसायनशास्त्र शेजारी-शेजारी ठेवले, तर काही शब्द तेच राहतात आणि अर्थ बदलतात.

पहिला शब्द ‘अणू’. मराठीत मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू आणि अणू जोडले जाऊन होतो तो रेणू. हिंदीत पहिला ‘परमाणु’, दुसरा ‘अणु’. त्यामुळे ‘पाण्याचा अणू’ हे मराठी उत्तरपत्रिकेत चूक, हिंदीत बरोबर. मुंबईच्या ज्या केंद्राला १९६७ साली डॉ. भाभांचे नाव दिले गेले, तेही मराठीत ‘अणुसंशोधन केंद्र’ आणि हिंदीत ‘परमाणु अनुसंधान केंद्र’ आहे. गुजराती, बंगाली आणि कन्नड या बाबतीत हिंदीसारख्या. तमिळमधला ‘अणु’ मात्र आपलाच.

मूळ शब्द वैशेषिक दर्शनातले. तिथे परमाणू अविभाज्य. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. त्यालाच त्रसरेणू म्हणतात: कवडशात तरंगताना दिसणारा कण. हिंदीने या उतरंडीचे वरचे टोक, म्हणजे परमाणू, जपले. मराठीने ‘परम’ गाळून ‘अणू’ ठेवला आणि त्याहून मोठ्यासाठी धुळीचा ‘रेणू’ घेतला. आधुनिक विज्ञानाचा अणू तर फुटतोही. म्हणजे दोन्ही नावे संकेताचीच. एक खरे आणि दुसरे खोटे असे नाही.

अणूच्या घोळात फार तर गुण जातात. ‘क्षार’ या शब्दाचे तसे नाही. मराठी पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार तयार होतो. मीठ हा क्षारच. बोअरच्या पाण्यातले क्षारही आपल्या ओळखीचे. हिंदीत मिठाच्या या वर्गाला ‘लवण’ म्हणतात आणि ‘क्षार’ म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ, ज्याला आपण ‘अल्क’ म्हणतो. हा अर्थही जुनाच आहे: सुश्रुतसंहितेतले क्षारकर्म म्हणजे क्षाराने दूषित मांस जाळणे. मराठी स्वयंपाकघरात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘खारट’मध्ये मीठ आहे, तर ‘पापडखारा’त अल्क.

रंग देण्यापूर्वी पत्र्यावरचे तेल-ग्रीस काढायला अल्कधर्मी द्रावणे वापरतात. त्यांत कॉस्टिक सोडा असू शकतो. अशा पिंपावर नुसते हिंदी ‘क्षार’ लिहिले, तर मराठी वाचणाऱ्याला ते मिठाच्या जातीचे वाटेल. प्रत्यक्षात तो थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते.

राज्याचे भाषा संचालनालय १९६० चे, दिल्लीचा वैज्ञानिक शब्दावली आयोग १९६१ चा. दोघांनी आपापल्या भाषेचे कोश घडवले आणि ते काम मोठे आहे. शब्द बदलण्याची मागणी इथे नाही. मराठीचा रेणू मराठीतच राहावा. पण जिथे दोन भाषा एका छपराखाली काम करतात, तिथे पाटीवर पदार्थाचे पूर्ण नाव, धोक्याचे चित्र आणि दोन्ही भाषांतली सूचना हवी. पाठ्यपुस्तकातही हिंदी जोडशब्द तळटीपेत द्यावा. घर बदलून आलेल्या मुलाला मग आपले आधीचे ज्ञान चुकीचे होते, असे वाटणार नाही.