कमरेला पिस्तूल, पण झाकून

फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणच्या गोदाकाठी लाखोंची गर्दी लोटते. त्या गर्दीत कुणाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर दिसलं, तर बघणाऱ्याला प्रश्न पडतो: साध्या वेशातला पोलीस की पुढाऱ्याचा माणूस? कायद्याचा प्रश्न वेगळा आहे: ते दिसलंच कसं?

अमेरिकेतल्या टेक्सासने 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकांना हँडगन उघडपणे बाळगायची मुभा दिली. फक्त ती तेव्हा खांद्याच्या किंवा कमरपट्ट्याच्या होल्स्टरमध्ये असावी लागे. त्याच वर्षी जुलैत भारताचे नवे शस्त्र नियम आले आणि त्यांनी उलटी दिशा धरली. नियम 8 नुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या पिशवीसारख्या साधनात ठेवायची, ती पूर्ण झाकलेली हवी आणि तिच्यावर बाळगणाऱ्याचा ताबा हवा. शस्त्र परजायला सक्त मनाई. म्हणजे आपल्याकडे होल्स्टरचं काम दाखवण्याचं नाही, झाकण्याचं आणि धरून ठेवण्याचं.

चांगलं होल्स्टर ओळखायचं ते घोड्यापाशी. बोट जिथे जातं ती कडी पूर्ण बंद हवी; चावी किंवा सदऱ्याचं टोकही आत शिरता कामा नये. वरच्या पट्टीचं टिचबटण अंगठ्याने सहज सुटावं, पण मोटारसायकलच्या धक्क्यांनी नाही. तोंड ताठ हवं. मऊ पडलेल्या कातड्याची कड आत वळून घोड्यावर दाब देऊ शकते. मापही त्या मॉडेलचंच हवं. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, 2014 साली आलेलं .32 बोअरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचं. ते ऐसपैस होल्स्टरमध्ये खुळखुळत राहील. कातडं अंगाला बसतं, पण घाम आणि ओल धरून ठेवतं. म्हणून शस्त्र घरी त्यातच ठेवलं तर गंज चढतो. साच्यातलं कडक प्लास्टिक ओल धरत नाही, मात्र कमरेला टोचतं. पट्टा रुंद आणि जाड नसेल तर उत्तम होल्स्टरही लोंबतं. आणि हे सगळं तपासायचं ते शस्त्र रिकामं करूनच.

पैठणकराला परवाना जिल्हाधिकारी देतात. संभाजीनगर शहरात तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. शस्त्र कुठवर नेता येईल हे परवान्यावरच लिहिलेलं असतं. शिवाय यात्रा, सण किंवा आंदोलनाच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रबंदी लागू होऊ शकते. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा करायचा आदेश निघू शकतो. अशा वेळी होल्स्टर कितीही नियमात बसणारं असलं तरी उपयोग नाही. अटी मोडल्या तर शस्त्र कायद्याच्या कलम 17 नुसार परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. लग्नात बार उडवून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

परवाने कसे रद्द होतात, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने पाहिलं. डिसेंबर 2024 मधल्या मस्साजोग गावच्या सरपंचाच्या हत्येनंतर पिस्तूल मिरवणाऱ्यांची छायाचित्रं आणि चित्रफिती चर्चेत आल्या, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले.

तेव्हा होल्स्टर घेताना सदरा बाहेर सोडून आरशासमोर वाकावं, बसावं, हात वर करावा. काहीच दिसलं नाही, तर निवड बरोबर. आणि दिसावं अशीच इच्छा असेल, तर मुळात शस्त्र कशाला हवं याचाच पुन्हा विचार करावा.