ताकदीच्या गोळ्या

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंना सारखी थंडी वाजायची. घरात हीटर सुरू असला तरी अंगावर शाल असायचीच. दुपारी बसल्या बसल्या डोळे मिटायचे. "पुण्याच्या माणसाला पिस्कॅटवेचा बर्फ मानवत नाही," असं म्हणून आम्ही सोडून द्यायचो. रक्त तपासलं तर टीएसएच वाढलेला! पंधरा वर्षं थायरॉइडची गोळी न चुकता घेणाऱ्या बाईचा. डॉक्टर डोस वाढवणार होते.

औषध आणायला गेले, तेव्हा रटगर्सच्या फार्मसी कॉलेजात शिकलेल्या तरुण फार्मसिस्टने विचारलं, "त्या आणखी काय घेतात?"

"रक्तदाबाची गोळी."

"आणि दुकानातून आणलेलं काही?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ऑक्टोबरमध्ये मीच कौतुकाने कॅल्शियमची आणि लोह असलेल्या मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली आणली होती. साडेसहाला थायरॉइडची गोळी, सातला चहाबरोबर या दोन. विसरायला नको म्हणून!

कॅल्शियम आणि लोह पोटात थायरॉइडच्या औषधाला बांधून ठेवतात, त्यामुळे ते रक्तात पुरेसं उतरत नाही. मध्ये किमान ४ तास जाऊ द्यावे लागतात. डॉक्टरांनी डोस तोच ठेवला आणि या दोन गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितल्या. दोन महिन्यांत टीएसएच जागेवर आला. डोस वाढला असता आणि पुण्याला गेल्यावर या गोळ्या सुटल्या असत्या, तर तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड सुरू होऊ शकली असती.

मी विचारलं, "आई, डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"अगं, त्यांनी औषधं विचारली. या तर ताकदीच्या गोळ्या!"

गोची इथेच आहे. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही, पण शरीरात गेल्यावर ती औषधासारखीच वागू शकतात. वॉरफरिन घेणाऱ्याने व्हिटॅमिन के घेतलं तर वॉरफरिनचा असर कमी होतो. भाजीतल्या हळदीचं सोडा, पण रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हार्ट अ‍ॅटॅकच्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. उलट, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं; तिथे पूरक गोळी लागतेही. म्हणून स्वतःच्या मनाने सुरूही करू नका आणि बंदही करू नका.

या दिवाळीला आईबाबा येतील, तेव्हा त्यांच्या बॅगेतल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि काढे एका पिशवीत भरा आणि ती पिशवी फार्मसिस्टपुढे ठेवा. "औषधं कोणती?" एवढंच त्यांना विचारू नका. "दिवसभरात तोंडात काय काय टाकता?" असं विचारा. आमच्याकडे खरं उत्तर तेव्हाच मिळालं.