पत, प्रसिद्धी आणि पेढी

आपल्या व्यापारी घराण्यांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवा खर्च रुजू झाला आहे. चोपडीत तो कधी ‘जाहिरात खाते’ म्हणून, तर कधी ‘प्रचार खर्च’ म्हणून नोंदवला जातो. गादीवर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो अनाठायी वाटतो, तर शिकून आलेल्या मुलासुनांना अपुरा. अखेर दोन्ही पिढ्या माझ्यासारख्या सल्लागारासमोर येऊन बसतात आणि दोघांचाही प्रश्न एकच असतो : या पैशाचे नेमके होते काय? विपणन आणि जनसंपर्क या क्षेत्रांत इतकी वर्षे काढल्यावरही मला हाच प्रश्न सर्वांत रास्त वाटतो. आमच्या व्यवसायाने त्याचे उत्तर फार काळ स्वतःच्या सोयीने दिले, हेही सांगणे भाग आहे.

ते उत्तर कसे दिले जाई, हे पाहण्यासारखे आहे. आपल्या व्यवसायाविषयी वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या की त्यांचे कात्रण काढायचे, त्याची लांबीरुंदी मोजायची, तेवढ्याच जागेच्या जाहिरातीचा दर त्यास लावायचा आणि येणारा आकडा ‘मिळालेले मूल्य’ म्हणून अहवालात मांडायचा. बातमीवर लोकांचा विश्वास अधिक, या सबबीवर तो आकडा तिपटीने वाढवून दाखवणारेही होते. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला यातील गफलत तत्काळ दिसेल. न केलेला खर्च ही मिळकत नव्हे. ती बातमी कोणी वाचली, वाचून दुकानाची पायरी कोण चढले, याचा त्या आकड्याशी काडीचाही संबंध नाही. आणि बातमी निंदेची असली तरी सेंटिमीटर तेवढेच भरतात! २०१० साली बार्सिलोना येथे या क्षेत्रातील व्यावसायिकांनी मोजमापाची जी तत्त्वे संमत केली, त्यांत जाहिरातीचा असा दर म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, असे स्पष्ट म्हटले आहे. तरीही तसे अहवाल आजही माझ्या पाहण्यात येतात. आता सेंटिमीटरच्या जागी ‘किती लाख लोकांपर्यंत पोहोचलो’ हा आकडा आला, इतकाच फरक.

या व्यवसायाची वंशावळच दुहेरी आहे. १९०६ साली अमेरिकेतील कोळसा खाणमालकांचे काम पाहताना आयव्ही ली याने वृत्तपत्रांकडे एक निवेदन धाडले होते. आमचे काम उघडपणे चालेल आणि आम्ही दिलेली माहिती कोणालाही पडताळून पाहता येईल, असा त्याचा आशय होता. दुसरीकडे, सिग्मंड फ्रॉइडचा भाचा एडवर्ड बर्नेज याने १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात तरुणींना सिगारेटी ओढत चालायला लावले आणि ती स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून गाजली. पैसा तंबाखू कंपनीचा होता, हे वाचकांना कोण सांगणार? (लीचे पुढचे आयुष्यही काही निष्कलंक राहिले नाही, पण तो निराळा विषय.) आज एखादी संस्था आपल्याकडे प्रस्ताव घेऊन येते, तेव्हा ती यांपैकी कोणाच्या घराण्यातली आहे, हे ओळखण्याची दृष्टी व्यापाऱ्यापाशी असावी असे मला वाटते.

नावलौकिकावर संकट येते तेव्हा काय होते, याचे आपल्या परिसरातील ठळक उदाहरण म्हणजे कॅडबरीचे. ऑक्टोबर २००३ मध्ये, दिवाळी तोंडावर आली असताना, मुंबईत डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने माल जप्त केला. दिवाळीच्या भेटीसाठी मिठाईऐवजी चॉकलेटचे खोके देण्याची रीत तेव्हा नुकती मूळ धरू लागली होती, आणि नेमक्या त्याच हंगामात विक्री सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याचे प्रसिद्ध झाले.

कंपनीचा पहिला खुलासा असा होता की कारखान्यातील मालात दोष नाही, दुकानांतील साठवणूक योग्य नसल्याने असे घडले असावे. आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. तो माल ज्यांच्या फळीवर होता, ते आपल्यासारखेच किराणा आणि किरकोळीचे दुकानदार. शास्त्रीयदृष्ट्या त्या खुलाशात तथ्य असेलही. उघड्या धान्याशेजारी ठेवलेल्या गोड पदार्थात कीड शिरते, हे कोणत्याही किराणा दुकानदाराला ठाऊक असते. पण ज्याच्या हातून आपला माल विकला जातो, त्यालाच चारचौघांत दोषी ठरवले, तर उद्या गिऱ्हाईकापाशी आपल्या बाजूने बोलणार कोण? शिवाय प्रशासनाचा उलट प्रश्नही बिनतोड होता : साठवणुकीत कीड आत शिरू शकते, तर वेष्टनच तसे का नसावे, की ती शिरूच नये?

त्यानंतर मात्र कंपनीने मार्ग बदलला. काही आठवडे जाहिराती थांबवल्या. ‘विश्वास’ या नावाने मोहीम काढून सुमारे १ लाख ९० हजार दुकानदारांपर्यंत माणसे पाठवली, साठवणूक तपासली आणि ती कशी असावी हे समजावून दिले. जानेवारी २००४ मध्ये अधिक घट्ट मिटणारे, अधिक खर्चाचे नवे वेष्टन बाजारात आणले. एवढे झाल्यावर अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले. लोकांना आठवतात ते बच्चन, आणि आमच्या व्यवसायातील मंडळीही सभांतून त्यांचेच गुणगान करतात. माझ्या मते यातील क्रम महत्त्वाचा आहे. वेष्टन आधी बदलले, बोलणारा माणूस नंतर आला. हेच उलट झाले असते, तर त्या मोठ्या अभिनेत्याचा शब्दही दुसऱ्या अळीपर्यंतच टिकला असता.

आता संकट अधिक लहान आणि अधिक नित्याचे झाले आहे. कापड दुकान असो वा सराफी पेढी, मोबाइलवर कोणीतरी एक तारा देऊन वाईट अभिप्राय लिहितो. आठवड्याभरात एक तरुण येऊन सांगतो, ‘शेठ, इतक्या रुपयांत पन्नास चांगले अभिप्राय टाकून देतो.’ हा सौदा स्वस्त दिसतो, म्हणूनच तो घातक आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये अशा अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. त्याआधी जूनमध्ये, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. जो माल जाहीर केलेल्या भावात देणे शक्यच नाही, त्याचे आमिष दाखवता येत नाही. ठळक दाव्याला छेद देणारी बारीक तळटीप चालत नाही. आणि खुलासा दाव्याच्याच भाषेत द्यावा लागतो. मराठीत ‘संपूर्ण मोफत’ आणि खाली इंग्रजीत अटी, हा जुना खेळ त्यामुळे संपला. दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत होऊ शकतो. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यांनाही, मग तो नट असो की मोबाइलवरील लोकप्रिय चेहरा, तो व्यवहार उघड करावा लागतो.

वाईट अभिप्राय आला तर काय करावे, असे मला विचारतात. ज्याने तो लिहिला त्याचे बिल शोधावे, त्याला फोन करावा, माल परत घ्यायचा असेल तर घ्यावा आणि काय केले ते त्याच अभिप्रायाखाली दोन ओळींत, सभ्य भाषेत लिहावे. हे काम दुकानातल्या माणसाने करायचे आहे. आम्ही लिहिलेल्या गुळगुळीत मजकुरातून बाहेरच्या माणसाचा वास लगेच येतो.

आणखी एक गोष्ट आमच्या मंडळींना रुचणार नाही, तरी लिहितो. ज्याचे गिऱ्हाईक चार गल्ल्यांत राहते आणि नावाने हाक मारून उधारी मागते, अशा दुकानाला जनसंपर्क सल्लागाराची गरज नसते. दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा करार घेऊन कोणी अशा दुकानात आला, तर तीच रक्कम चांगल्या गुमास्त्याच्या पगारात घालावी. ज्यांचा माल दुसऱ्याच्या दुकानातून, दुसऱ्या गावात विकला जातो, त्यांनी आमच्याकडे जरूर यावे. मात्र येताना गेल्या तीन वर्षांची विक्री गावनिहाय मांडून आणावी आणि करारावर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे की सहा महिन्यांनी यांतील कोणता आकडा बदललेला दिसेल.